सावकार, सरकार आणि इस्पितळ

डिसेंबर २०१६ मधली एक रात्र. नोटाबंदीला महिना उलटला होता, पण बँकेच्या दारातली रांग काही हटली नव्हती आणि आम्ही बँकवाले रात्री नऊ-दहापर्यंत रोकड जुळवत बसत होतो. अशात वहिनींचा फोन आला. दादांच्या छातीत दुखतंय, दरदरून घाम सुटलाय, शेजाऱ्यांनी गाडीत घातलंय. मी इस्पितळात पोहोचलो तेव्हा दादांना आत नेले होते. थोड्या वेळाने हिरव्या कपड्यांतला एक तरुण डॉक्टर बाहेर आला. एक रक्तवाहिनी जवळजवळ पूर्ण बंद आहे, आत्ताच स्टेंट घालावा लागेल, असे म्हणाला. मग त्याने विचारले, "साधा धातूचा घालायचा, औषध लावलेला देशी घालायचा, की परदेशी?" तीन किमतीही सांगितल्या. शेवटची एक लाख पंचवीस हजारांची होती. इस्पितळाचा खर्च वेगळा.

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही काय केलं असतं?"

"माझे वडील असते तर परदेशीच घातला असता."

वहिनी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पैशाकडे बघू नका." मी दाखवतील त्या ओळीवर सही केली. सगळे मिळून चार मिनिटेही लागली नसतील.

या सहीविषयी नंतर मी पुष्कळ विचार केला. कारण कागदावर सही करण्यापूर्वी प्रश्न विचारणे हाच माझा आयुष्यभराचा धंदा. बँकेत मला तेव्हा पस्तीस वर्षे होऊन गेली होती. शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी कर्ज हवे असेल तर मी त्याला तीन कोटेशने आणायला लावत असे. तो बिचारा जिल्ह्याच्या ठिकाणी तीन चकरा मारी, तेव्हा कुठे त्याची फाईल पुढे सरके. किंमत योग्य आहे का, दुसरीकडे स्वस्त मिळेल का, दोन वर्षे आणखी जुन्याच ट्रॅक्टरवर काढता येतील का, हे सारे मी विचारी आणि ते विचारण्याचा मला अभिमानही असे. त्या रात्री मात्र मी एकही कोटेशन मागितले नाही. शेजारच्या इस्पितळात हाच स्टेंट कितीला मिळतो, हेही विचारले नाही. दादा आत टेबलावर असताना विचारणार तरी कसा?

आरोग्यसेवा बाजारावर सोपवावी की सरकारने हाती घ्यावी, हा वाद आपल्याकडे १९९१ नंतर, 'खाउजा' हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला तेव्हापासून, चालू आहे. दोन्ही बाजूंचे विद्वान आपापल्या जागी ठाम असतात. मी विद्वान नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा एक निवृत्त बँक अधिकारी. पण राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केल्यामुळे सरकारी मालकी आणि बाजार या दोहोंचे ताक मी जवळून प्यालो आहे, आणि एवढ्याच अधिकारावर बोलतो आहे.

बाजार चालतो तो एका साध्या गोष्टीवर. गिऱ्हाइकाला दुकानातून उठून जाता आले पाहिजे. साडी पसंत पडली नाही, गादीवरून उठलो. भाव पटला नाही, पुढच्या गाळ्यात गेलो. दुकानदार भाव उतरवतो तो आपल्या रूपावर भाळून नव्हे, आपण उठू या भीतीने. केनेथ अॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली एका प्रदीर्घ निबंधात दाखवून दिले की वैद्यकीय सेवेत नेमके हेच होत नाही. हे अॅरो काही समाजवादी पढतमूर्ख नव्हते. बाजारात समतोल कसा साधला जातो याचे गणित मांडणाऱ्यांपैकीच ते एक, आणि १९७२ साली त्यांना नोबेलही मिळाले. त्यांचे म्हणणे असे की आजार कधी येईल ते ठाऊक नसते. आला की काय विकत घ्यायचे ते रोग्याला कळत नाही. आणि घेतल्यावरही ते चांगले होते की वाईट, हे त्याला ठरवता येत नाही. ट्रॅक्टर बिघडला तर शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी कळते. दादा बरे झाले. पण साध्या स्टेंटनेही झाले असते का? हे ना मला कळले, ना दादांना. ठरवणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि भोगणारा तिसरा, असा हा सौदा आहे.

आता माझाही एक कबुलीजबाब देऊन टाकतो. बदलीवर शहरातल्या शाखेत असताना एका डॉक्टरसाहेबांचे सीटी स्कॅन यंत्रासाठीचे कर्ज माझ्या टेबलावर आले होते. माणूस सज्जन, हुशार. सरकारी महाविद्यालयात अगदी स्वस्तात शिकलेला. प्रकल्प अहवाल चोख होता. त्यात एक तक्ता होता: कर्जाचा हप्ता, तंत्रज्ञाचा पगार, वीज आणि देखभाल भागवायची तर रोज किमान नऊ तपासण्या व्हायला हव्यात, चौदा झाल्या तर पाच वर्षांत कर्ज फिटेल. मी त्या तक्त्यावर हिरव्या शाईने बरोबरची खूण केली. शहरात अशी तीन यंत्रे आधीच होती. मी विचारले, "चौथ्याला पेशंट मिळतील?" डॉक्टरसाहेब हसून म्हणाले, "साहेब, मिळतील. आसपासच्या डॉक्टरांशी माझे चांगले संबंध आहेत." त्या उत्तरावर माझे समाधान झाले, कारण बँकेचे हित त्यातच होते. कर्ज वेळेत फिटले. पण रोजचे ते चौदाजण कोण होते आणि त्यांतल्या किती जणांना स्कॅनची खरोखर गरज होती, हा प्रश्न अहवालाच्या कोणत्याच रकान्यात नव्हता. एरवी बाजारात पुरवठा वाढला की भाव उतरतो. इथे पुरवठा वाढला की आधी मागणी वाढते. डॉक्टरसाहेबांना मी दोष देत नाही. हप्ता त्यांच्या डोक्यावर मीच बसवला होता.

दादा घरी परतल्यावर दोन महिन्यांनी, १३ फेब्रुवारी २०१७ रोजी, केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती ठरवून दिल्या. दिल्लीच्या एका वकिलाने जनहित याचिका लावून धरली होती, त्याचे हे फळ. साध्या स्टेंटची सरासरी छापील किंमत ४५,००० रुपये होती, ती ७,२६० झाली. औषधवाल्याची १,२१,००० होती, ती २९,६०० झाली. प्राधिकरणाने आकडे जाहीर केले तेव्हा कळले की कारखान्यापासून रोग्यापर्यंतच्या वाटेत सर्वांत जाडजूड नफा शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे इस्पितळाच्या दारात, पडत होता. दादांनी ती बातमी कापून आपल्या फाईलमध्ये लावली. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या समासात त्यांनी पेन्सिलीने वजाबाकीही करून ठेवली आहे.

म्हणजे सरकारने एक फटका मारला आणि प्रश्न सुटला? तसेही नाही. काही परदेशी कंपन्यांनी आपले वरच्या दर्जाचे स्टेंट भारतातून मागे घेण्याची परवानगी मागितली. स्टेंटचा आकडा उतरला तसा अँजिओप्लास्टीच्या पॅकेजचा उतरला नाही, अशी तक्रार लवकरच ऐकू येऊ लागली. फुगा एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो. याच प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी इस्पितळांची बिले तपासली, तेव्हा सिरिंज, हातमोजे अशा किरकोळ मालावर सतराशे टक्क्यांपर्यंत नफा घेतल्याचे दिसले. ज्या वस्तूवर सरकारची नजर तिच्यावर नफा कमी, जिच्यावर नाही तिच्यावर वाटेल तेवढा. बिलाच्या शंभर ओळींवर शंभर दरपत्रके काढणारे सरकार अजून जन्माला यायचे आहे, आणि आलेच तर त्याच्या हाताखाली राहायची माझी तरी तयारी नाही.

मी काही बाजाराचा शत्रू नाही. आमची बँक १९८१ साली कशी होती ते मला ठाऊक आहे. पितळी बिल्ला घेऊन गिऱ्हाईक तासभर बाकावर बसे आणि आम्ही चहा पीत त्याला "उद्या या" म्हणत असू. १९९४ नंतर नव्या खासगी बँका आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एटीएम लागली, तेव्हा कुठे आम्ही खुर्चीत सावरून बसलो. अंगात चांगुलपणा संचारला म्हणून नव्हे. ठेवी जाऊ लागल्या म्हणून. सरकारी दवाखान्यात जाणाऱ्याला अशी दुसऱ्या दारी जायची सोय नसते आणि म्हणून तिथला कारभार कोणत्या थराला जातो, ते आपण पाहिलेच आहे. १ ऑक्टोबर २०२३ च्या आसपास नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. त्यांत बारा नवजात बालके होती. त्याआधी ऑगस्टमध्ये कळव्याच्या पालिका रुग्णालयात एकाच रात्रीत अठराजण दगावले होते. चौकशा झाल्या, निवेदने झाली. त्याच ऑगस्टमध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने आपल्या रुग्णालयांतले उपचार निःशुल्क केले होते, हा योगायोगही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फुकट करणे सोपे. कपाटात औषध असणे अवघड. आणि विलायतेतही सारे आलबेल आहे असे समजू नये. १९४८ पासून सर्वांना फुकट उपचार देणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची प्रतीक्षायादी २०२३ साली सत्तर लाखांच्या पुढे गेली होती. आमची एक भाची तिथे असते. तिच्या सासूबाईंचा गुडघा दीड वर्ष रांगेत होता.

विलायतेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्यांच्याही दोन वर्षे आधी, १९४६ साली, आपल्याकडे भोर समितीचा अहवाल आला होता. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले सनदी अधिकारी. ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहता कामा नये, हे त्या अहवालाचे पहिले तत्त्व. दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक केंद्र आणि त्याला पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय, असा त्यांचा दूरचा आराखडा होता. आपण काय केले? तत्त्व स्वीकारले, केंद्राच्या इमारती बांधल्या आणि खाटा विसरलो. पैसे सरकारने घालून डॉक्टर घडवले, त्यांना इमारतीत टिकवून धरले नाही. ते बाहेर पडले आणि त्यांनी समोरच्याच रस्त्यावर दुकाने थाटली. भारतात आरोग्याचा बाजार कोणी विचारपूर्वक आणला नाही. सरकार ज्या जागेवरून उठत गेले, त्या जागेवर तो येऊन बसला.

माझी खेड्यातली पहिली शाखा जत तालुक्यातली. साल १९८५. पाऊस नावालाच. बाभळी आणि दगड. शाखेत सर्वांत जास्त चालणारे खाते सोने तारणाचे. बाई पदराखालून पुडी काढायची. त्यात डोरले, पाटल्या, कधी नुसतीच फुले. अर्जावर कर्जाचे कारण लिहायला एक रकाना असतो. त्यात आम्ही 'बी-बियाणे व खते' लिहीत असू, कारण शेतीकर्जाचे उद्दिष्ट पुरे करायचे असे आणि व्याजही कमी बसे. जून असो की जानेवारी, बियाणेच. खरे कारण बाई बोलता बोलता सांगून टाकायची, "साहेब, मिरजेला न्यायचं हाय." त्या भागात 'मिरजेला नेणे' याचा अर्थ एकच. डॉ. वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे रुग्णालय काढले, तेव्हापासून मिरज हे डॉक्टरांचे गाव. आमच्या बँकेच्या पुस्तकांत आजाराचे कर्ज असे कधी दिसलेच नाही. ते सगळे खतात मुरले.

त्या गावात एक सावकारही होता. शाखा उघडण्यापूर्वी तो महिना शेकडा पाच घेई. शाखा उघडली तशी तो तीनवर आला. गंमत अशी की त्याची निम्मी गिऱ्हाइके आमच्याकडे कधी आलीच नाहीत. कागदपत्रे नको, साहेबाचे तोंड बघायला नको, रात्री-अपरात्री पैसा मिळतो, म्हणून ती त्याच्याचकडे राहिली. तरीही त्यांना तीननेच मिळू लागले. बँकेचा फायदा बँकेत न येणाऱ्यांनाही झाला. आमच्या नुसत्या असण्याने त्याच्या दराला वेसण बसली.

आणि हेच मी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राबाबतही पाहिले. मी गेलो तेव्हा केंद्रात एक मुक्कामी डॉक्टर होते. तापट गृहस्थ, रोग्यांना ओरडत, पण रात्री दार वाजले तर उठत. बाजारपेठेत एक खासगी डॉक्टर होता, त्याची फी बेताची होती आणि सुईही बेतानेच टोचत असे. वर्षभराने तापट डॉक्टरांची बदली झाली, जागा रिकामी राहिली. सहा महिन्यांत खासगी दवाखान्यात खाट आली, मग दुसरी, आणि मग आलेल्या प्रत्येकाला सलाईन लागू लागले. अंगदुखी असो वा परीक्षेची धास्ती, सलाईन. शाखेत तारणाचे अर्ज वाढले. मी काही आकडेवारी ठेवली नव्हती, पण पुड्या सोडून सोडून सराफाची बोटे दुखत होती हे आठवते. तो डॉक्टर एका वर्षात लबाड झाला असे मला वाटत नाही. त्याच्या समोरचे दार बंद झाले, इतकेच.

म्हणून मला या वादातला मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. सरकारी रुग्णालय हे गरिबांसाठी केलेले दानधर्माचे काम आहे, असे बाजारवाले मानतात आणि समाजवादीही, थोड्या गोड शब्दांत, तेच मानतात. माझ्या मते ते जितके गरिबांचे तितकेच तुमचे-आमचे आहे, आपण तिथे पाऊल टाकले नाही तरी. शहरात एक बरे चाललेले सरकारी इस्पितळ असले की खासगी इस्पितळाच्या बिलाला, आणि सल्ल्यालाही, एक मर्यादा पडते. ते नसले की कायद्याने घातलेली मर्यादा पाळली जात नाही.

पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत सरकारने वेगळाच मार्ग धरला आहे आणि त्याविषयी पुरेशी चर्चाही झाली नाही. सरकार दवाखाना चालवणारे राहिले नाही. बिल भरणारे झाले. २०१२ मध्ये राज्यात आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना आली, पुढच्या वर्षी राज्यभर पसरली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची पाच लाखांच्या संरक्षणाची योजना आली. २०२४ पासून महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत कवच आहे. याचा उपयोग झालेला नाही असे म्हणणारा कृतघ्न ठरेल. डायलिसिस आणि बायपास झालेली माणसे मी पाहिली आहेत, ज्यांच्या वडिलांनी त्याच आजारापायी जमीन विकली असती. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आल्याचे सरकारी लेखे सांगतात. चांगलीच गोष्ट आहे.

माझी शंका बँकवाल्याची आहे. ज्याचे स्वतःचे दुकान नाही त्याला मालाचा भाव कळत नाही. सरकारने पॅकेजचा दर कमी ठेवला तर इस्पितळ म्हणते, परवडत नाही, खाटा भरल्या आहेत. दर वाढवला तर जिथे शस्त्रक्रियेची गरज नाही तिथेही ती होऊ लागते. माझ्या सीटी स्कॅनचा तक्ता आठवा. दोहोंत खरे काय हे पडताळायला सरकारपाशी स्वतःचे चालते ऑपरेशन थिएटर हवे. तिथे एक शस्त्रक्रिया किती खर्चाची पडते हे रोजच्या रोज दिसायला हवे. नाहीतर आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात केंद्राच्या योजनेतले साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाईल क्रमांकाशी जोडलेले आढळले. आमच्या शाखेत एका क्रमांकावर दोन खाती निघाली तरी मेमो मिळायचा.

थायलंडने २००१-०२ मध्ये तीस बाथ भरून कोणताही उपचार अशी योजना काढली, तिचे कौतुक आपले अधिकारी नेहमी करतात. मात्र त्याआधी कित्येक वर्षे त्या देशाने जिल्ह्याजिल्ह्यात रुग्णालये बांधली आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची केली, हे सांगायचे राहून जाते. त्यांनी आधी दुकान काढले, मग कूपन वाटले. आपण कूपन वाटले आणि दुकान दुसऱ्याचे धरले. खर्चाचे पाहावे तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे वचन होते. २०२१-२२ मध्ये, कोविडच्या वर्षातसुद्धा, आपण १.८४ टक्क्यांवर होतो.

कोविडचा विषय निघाला म्हणून. मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी इस्पितळांतल्या ऐंशी टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या आणि दर ठरवले: साधी खाट दिवसाला ४,०००, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. हुकूम निघाला तरी बिले फुगतच राहिली, तेव्हा पालिकांना लेखापरीक्षक बसवावे लागले. त्यांनी हरकती काढल्या, काही रोग्यांना पैसे परतही मिळाले. तिकडे पालिकेच्या आणि सरकारच्या रुग्णालयांनी, ज्यांना आपण एरवी नाके मुरडतो, त्या दिवसांत दारे बंद केली नाहीत.

सरकारला दुकान चालवताच येत नाही, हा शेवटचा आक्षेप. त्याला उत्तर दूर शोधायला नको. तमिळनाडूने १९९४ साली सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. मला त्यातली एक गोष्ट फार भावली. प्रत्येक रुग्णालयाला आणि आरोग्य केंद्राला तिथे एक पासबुक असते. वर्षाला किती रकमेची औषधे उचलायची ते त्यात जमा. उचलली की तेवढी रक्कम वजा. डॉक्टरला शिल्लक दिसते, गोदामाला मागणी दिसते. बँकेतल्या कुठल्याही कारकुनाला सुचेल अशी युक्ती. आपल्याकडे २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे दिली, दिरंगाईच्या तक्रारी होत राहिल्या आणि स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला तो २०२३ मध्ये. एकोणतीस वर्षे उशिरा का होईना, झाला. आता पुढल्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की किती लाखांचे कवच देणार हे मी विचारणार नाही. तालुक्याच्या रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर नेमला आहे का, हे विचारीन. भूलतज्ज्ञ नसला की सर्जन असून उपयोग नाही, आणि अडलेली बाळंतीण रातोरात जिल्ह्याला न्यावी लागते.

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा मुलगा मोटारसायकलवरून पडला. मांडीचे हाड मोडले. योजनेच्या यादीतले इस्पितळ जवळच होते. मीही सोबत गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, योजनेच्या खाटा भरल्यात. रोखीने करायचं असेल तर आत्ता घेतो, एक लाख चाळीस हजार. माझा हात खिशातल्या चेकबुकाकडे गेला. सवय! मावशींनी मात्र स्ट्रेचरची कड धरली आणि म्हणाल्या, "राहू दे बाई. सिव्हिलला नेते."

मुलगी आत जाऊन आली. पंच्याण्णव हजार.

मी मावशींकडे पाहिले. त्यांनी वॉर्डबॉयला रिक्षा बोलवायला सांगितले होते.

सिव्हिलमध्ये पहिली रात्र जमिनीवर गेली. नंतर खाट मिळाली. ऑपरेशन पाचव्या दिवशी झाले, पैसा लागला नाही. एक्सरेच्या माणसाला चहापाण्याचे दोनशे दिले तेवढेच. मावशी तीन आठवडे कामाला येऊ शकल्या नाहीत, आम्ही डबा लावला. मुलगा आता कामावर जातो. चालताना किंचित लंगडतो. पाच दिवस थांबल्यामुळे तसे झाले की हाडच तसे मोडले होते, हे मी दोन डॉक्टरांना विचारून पाहिले. दोघांची उत्तरे वेगळी आली.